मुलांसाठी पत्रमित्र कसा शोधायचा? (आणि पत्ता द्यावा का?)

झिपरीची_आई | ४ जानेवारी २०२६, रात्री १०:१२

लेक चौथीत, नऊ वर्षांची. आम्ही नाशिकला राहतो. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात पत्र होतं, 'सुट्टीत गावी येत असल्याचे मामाला कळवा'. तिने मन लावून लिहिलं आणि दोन दिवसांनी मला विचारलं, "आई, मामाचं उत्तर कधी येईल?" तिला खरंच वाटत होतं की बाई ती पत्रं पेटीत टाकणार आहेत. तपासलेले पेपर गठ्ठ्यात बांधून ठेवतात हे सांगितल्यावर तिचा जो चेहरा झाला, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग आम्ही इनलँड आणून मामाला खरं पत्र पाठवलं. मामाला ते मिळालं, तो खूश झाला आणि त्याने व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून उत्तर पाठवलं! ती म्हणाली, "हे काय उत्तर झालं?"

आता तिला एक मैत्रीण हवी आहे. तिच्याच वयाची, दुसऱ्या गावातली, "जिला मी कधीच बघितलेलं नाही अशी". इंटरनेटवर शोधलं तर पत्रमैत्रीच्या जागा दिसतात, पण समोर कोण बसलंय काय माहीत. घरचा पत्ता द्यायला हात धजत नाही. तुमच्यापैकी कुणी मुलांसाठी हे केलंय का? कसं केलंत?

---

कोकणकडा | रात्री १०:३०

वाचतोय. आमच्याकडे मुलगा सात वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी हाच प्रश्न येणार.

---

नलूआत्या | रात्री ११:०५

धाग्याबद्दल खूप धन्यवाद गं. एकदम सांगलीतली आमची शाळा आठवली.

१९८४ साली मी आठवीत होते. इंग्रजीच्या सरांनी फॉर्म आणले होते, इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस या संस्थेचे. ही संस्था फिनलंडमधल्या तुर्कू गावातली. वय, छंद, कोणत्या देशातला मित्र हवा ते भरायचं, थोडे पैसे भरायचे, आणि काही आठवड्यांनी एक नाव-पत्ता यायचा. मला जपानमधली मुलगी मिळाली. माझं इंग्रजी सांगलीचं, तिचं जपानचं. दोघींच्याही चुका सारख्याच, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. अकरा वर्षं लिहीत होतो. तिने पाठवलेला कागदाचा करकोचा माझ्या देव्हाऱ्याच्या कप्प्यात अजून आहे.

ती संस्था १९५२ पासून चालू होती, २००८ मध्ये बंद झाली. म्हणजे आमचा रस्ता तुम्हाला उपलब्ध नाही. पण त्यात मधे शाळा होती, सर होते, हे महत्त्वाचं. आम्ही मुलींनी एकट्यानं कुठे पत्ता पाठवला नव्हता.

---

सागरगोटा | ५ जानेवारी, सकाळी ७:५०

अगं मग इतकं कशाला शोधायचं? माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पुण्यात. तिलाही लिहायला आवडतं. मी व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ता पाठवते, तूही पाठव. आजच सुरू करू!

---

मुद्देसूद | सकाळी ९:१५

सागरगोटा, राग मानू नका, तुमचा हेतू चांगलाच आहे. पण आपण इथे एकमेकांना आयडीनं ओळखतो. तुम्ही मला गेली सहा वर्षं वाचताय, तरी मी बाई की बुवा हेही तुम्हाला नक्की सांगता येणार नाही. लहान मुलीचा घरचा पत्ता या भरवशावर देऊ नये. तुम्ही तसे नाही आहात हे मला मनापासून वाटतं. पण हा धागा उघडा आहे. इथे "मीही आई आहे, पत्ता पाठवा" असं लिहिणारी पुढची व्यक्ती कोण असेल?

---

चिंचेचं_झाड | सकाळी ११:४०

मुद्देसूद यांना पूर्ण अनुमोदन. हे मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

१९९१ साली मी बारा वर्षांची होते. एका मुलांच्या मासिकात पत्रमैत्रीचं सदर असायचं. नाव, वय, छंद आणि संपूर्ण पत्ता छापायचे. माझा छापून आला तेव्हा घरात पेढे वाटले होते! महिनाभरात वीस-बावीस पत्रं आली. बहुतेक माझ्यासारख्याच मुलामुलींची. एक मुलगा 'नववीतला' होता. अक्षर मोठ्या माणसाचं होतं, पण तेव्हा मला ते फक्त सुंदर वाटलं. आधी त्याने तिकिटं पाठवली, परदेशी. मग लिहिलं, तुझ्या घरचे तुला समजून घेत नाहीत का. मग फोटो मागितला. मग एका पत्रात वाक्य होतं, "हे आईला दाखवू नकोस, ही आपली गंमत." आणि शेवटी लिहिलं की अमुक तारखेला तुमच्या एसटी स्टँडवर येतोय.

मी ते पत्र वहीत लपवलं, पण झोप लागेना. रात्री आईला उठवून दाखवलं. आई ओरडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." त्या तारखेला बाबा आणि काका स्टँडवर जाऊन बसले. कुणी आलं नाही, किंवा आलेला माणूस त्यांना बघून निघून गेला.

मी हे घाबरवायला सांगत नाहीये. त्याच सदरातून मिळालेली जळगावची मैत्रीण माझ्या लग्नाला आली होती. पण मुलांना एक गोष्ट पक्की शिकवा: जो कुणी "घरच्यांना सांगू नकोस" म्हणतो, त्याचं ते पत्र त्याच दिवशी घरी दाखवायचं. आणि ते दाखवल्यावर मूल ओरडा खाणार नाही, हे आपण आधीच सांगून ठेवायचं. माझी आई ओरडली असती तर पुढचं पत्र मी दाखवलं नसतं.

---

सागरगोटा | दुपारी १२:०५

अंगावर काटा आला. माझा वरचा प्रतिसाद मागे घेते. मुद्देसूद, राग अजिबात नाही, पटलं.

---

कोकणकडा | दुपारी १२:२०

चिंचेचं_झाड, सांगितल्याबद्दल आभार. असं काही आढळलं तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे, मुलांना तो नंबर पाठ करून ठेवायला सांगतो आम्ही.

---

फळा_खडू | सायंकाळी ६:३०

मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, पट तेवीस. तीन वर्षं आम्ही पत्रमैत्री चालवतोय, पद्धत सांगते.

डीएडला माझ्यासोबत असलेली मैत्रीण चंद्रपूर जिल्ह्यात शिकवते. तिचा वर्ग आणि माझा वर्ग. मुलं पत्रं लिहितात, आम्ही सगळी एका मोठ्या पाकिटात घालतो. पत्ता शाळेचा, 'द्वारा मुख्याध्यापक'. मुलांची फक्त पहिली नावं. आडनाव नाही, घर नाही, फोन नाही. त्यामुळे मुलाचा पत्ता द्यावा का हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकींना ओळखणाऱ्या दोन बायका आहेत आणि पालकसभेत सगळं सांगितलेलं आहे.

पहिल्या वर्षी मी चूक केली. फळ्यावर नमुना लिहिला आणि तेवीस पत्रं आली ती सगळी अशी: "तू कसा आहेस? मी मजेत आहे. तुझा आवडता खेळ कोणता?" तिकडूनही तसंच आलं आणि मुलांचा उत्साह तिथेच संपला. दुसऱ्या वेळी मी फळा कोरा ठेवला. म्हटलं, तुमच्या गावातली अशी एक गोष्ट सांगा जी तिकडच्या मुलाला माहीतच नसणार. काय काय आलं! ओहोटीला खडकावर शिंपल्या कशा सोडवायच्या, आजीने फणस कापताना हाताला तेल का लावलं, वाडीतला साकव वाहून गेला तेव्हा शाळेत कसे आलो. तिकडून तेंदूपत्त्याच्या मोसमाबद्दल आलं, मोहफुलं वेचण्याबद्दल आलं. आमच्या एका पठ्ठ्याने विचारलं, "तुमच्या ताडोबात वाघ आहे ना, मग तू शाळेत कसा जातोस?" उत्तर आलं, "वाघ सकाळी झोपतो. तुमचा समुद्र झोपतो का?" हे वाक्य आम्ही वर्गात लावून ठेवलंय.

एक अडचण मात्र खरी आहे. कुणी मूल गैरहजर असतं, कुणी शाळा सोडून आईबापांबरोबर कामाला जातं, आणि इकडच्या मुलाला उत्तर येत नाही. बाकी सगळ्यांची पत्रं आली आणि आपलंच नाही, हे फार लागतं. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलंय, ज्याचं उत्तर नसेल त्याला तिकडच्या बाईंनी स्वतः लिहायचं.

---

निवृत्त_टपालवाला | रात्री ८:४५

छत्तीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच सॉर्टिंगला, म्हणून लिहितो.

पोस्टकार्ड ५० पैसे, आंतर्देशीय अडीच रुपये, पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. गेल्या वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यावरून 'पोस्ट बंद झालं' अशी आवई उठली. तसं नाही. साधी पत्रं, कार्ड, इनलँड सगळं चालू आहे, लाल पेट्याही आहेत. पेटीवर निकासीची वेळ लिहिलेली असते, ती मुलांना वाचायला लावा. त्यांना फार गंमत वाटते.

इनलँडमध्ये काहीही घालायचं नसतं, पिंपळपान नाही की तिकीट नाही. घालायचं तर पाकीट. आणि पाकिटाचं वजन करा. कमी तिकीट लावलं तर घेणाऱ्याकडून तुटीच्या दुप्पट पैसे घेतात, 'नॉटपेड' म्हणतात ते हेच. एकदा एका मुलाने मित्राला खेळायला चिंचोके पाठवले होते, पाकीट हातात खुळखुळायचं! त्या मित्राच्या आजोबांनी पैसे भरून ते सोडवून घेतलं आणि हसत हसत घरी नेलं.

पिनकोड कधीही गाळू नका. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत मोजा बरं. ही अडचण ओळखून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची पद्धत आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. आपला मराठी माणूस, संस्कृतचा मोठा विद्वान. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. नाशिक ४२२, गोवा ४०३. मुलांना हे कोडं म्हणून द्या, आलेल्या पाकिटावरून गाव ओळखा.

सुरक्षिततेचं म्हणाल तर पोस्टकार्ड उघडं असतं, सगळे वाचू शकतात. त्यावर शाळा सुटण्याची वेळ, घरी कोण असतं, आईबाबा कधी नसतात असलं काही लिहायचं नाही. शाळा मधे नसेल तर मोठ्या पोस्टात भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो. घरचा पत्ता न देता टपाल तिथे घेता येतं.

---

झिपरीची_आई | रात्री ९:१०

बापरे, किती माहिती! काका, तिकिटावर मारतात तो काळा शिक्का वाचायला लेक भिंग घेऊन बसलीये. फळा_खडू ताई, 'तुमचा समुद्र झोपतो का' वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक शंका. आलेलं आणि गेलेलं पत्र आपण वाचायचं का?

---

मुद्देसूद | रात्री ९:३०

नऊ वर्षांच्या मुलीचं? प्रत्येक पत्र. दोन्ही बाजूंचं.

---

बारावी_ब | रात्री १०:५०

मी सतरा वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळ्यात लहान मीच. मला मुद्देसूद काका/काकूंशी पूर्ण सहमत होता येत नाही.

मी पाचवीत आत्तेबहिणीला पत्रं लिहायचे. आई वाचायची हे मला माहीत होतं. पण तिने एकदा पाहुण्यांसमोर माझ्या पत्रातलं वाक्य सांगितलं आणि सगळे कौतुकाने हसले. त्यानंतर मी एकही पत्र लिहिलं नाही. आईला वाटलं कंटाळले.

वाचा, पण सांगून वाचा, आणि वाचलेलं स्वतःपुरतं ठेवा.

---

चिंचेचं_झाड | रात्री ११:१५

बारावी_ब, किती नेमकं लिहिलंस. आमच्याकडे पाकीट लेकच फोडते, माझ्या शेजारी बसून. ती मोठ्यानं वाचते आणि मी ऐकते. तेराव्या वर्षी ती म्हणाली आता मनात वाचू का. मी हो म्हटलं. आता ती वाचून झाल्यावर पत्र माझ्यासमोरच डब्यात ठेवते आणि डबा बैठकीच्या खोलीत असतो. मी तो उघडत नाही. पण तो कपाटात गेला तर मी विचारीन, हे तिला माहीत आहे.

---

मुद्देसूद | रात्री ११:२२

हे मान्य. 'सांगून वाचा' हे माझ्या वाक्यात हवं होतं.

---

कोपनहेगनकर | ६ जानेवारी, दुपारी २:००

इथून लिहिताना जरा गलबलतंय. आमच्या डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्डने ३० डिसेंबरला शेवटचं पत्र वाटलं. १६२४ पासून चालत आलेली सरकारी पत्रसेवा थांबली, रस्त्यावरच्या लाल पेट्या काढून नेल्या. आता एक खाजगी कंपनी पत्रं नेते, ती दुकानातल्या काउंटरवर नेऊन द्यावी लागतात. मुलाने विचारलं, "मग साताऱ्याच्या आजीला आता काय करायचं?" दुकानात गेलो, पाठवलं. पण पेटीत टाकताना तो 'टप्' आवाज व्हायचा, तो गेला.

तुमच्याकडे कोपऱ्यावर पेटी आहे तोवर मुलाला तिथे चालत घेऊन जा.

आणि आजी-आजोबांना एक हात जोडून विनंती. मुलाने आजीला पहिलं मराठी पत्र लिहिलं, चार ओळी, त्याला दोन तास लागले होते. आजीने उत्तरासोबत ते पत्र परत पाठवलं, ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून. तिने प्रेमानेच केलं, ती आयुष्यभर शिक्षिका होती. पण पुढचे आठ महिने त्याने पेन उचललं नाही. शेवटी मी आजीला फोन केला. तिने दुसरं पत्र पाठवलं, त्यात तिच्या लहानपणची विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट होती आणि शेवटी लिहिलं होतं, "पुढे काय झालं ते तुझं पत्र आलं की सांगीन." तिसऱ्या दिवशी उत्तर तयार!

---

नलूआत्या | दुपारी ३:२०

शेळीचं काय झालं? :)

---

कोपनहेगनकर | दुपारी ३:३१

अजून विहिरीतच आहे, चार पत्रं झाली.

---

जर्सीची_गौरी | ७ जानेवारी, पहाटे ५:४५

आम्ही इथल्या रविवारच्या मराठी शाळेत असाच प्रयोग केला, पुण्यातल्या एका वर्गाबरोबर. गेल्या ऑगस्टच्या शेवटी भारतातून अमेरिकेकडे येणारं टपालच थांबलं, ते १५ ऑक्टोबरला पूर्ववत झालं. मुलं दर रविवारी विचारायची. आली तेव्हा दोन महिन्यांची एकदम आली, गणपतीची पत्रं दिवाळीत वाचली. परदेशी पाठवताना पानं, बिया, खाऊ घालू नका, तपासणीत अडकतं. रांगोळीचे ठिपके काढलेला कागद चालतो, बसचं तिकीट चालतं.

आमची मुलं मायन्यावर अडतात. 'ती. आजोबांस सा. न.' म्हणजे काय हे समजावताना मीच गोंधळले.

---

नलूआत्या | सकाळी १०:००

अगं सोपं आहे. वर मधोमध श्री. मोठ्यांना 'तीर्थरूप', लहानांना 'चि.', म्हणजे चिरंजीव. सा. न. म्हणजे साष्टांग नमस्कार. परक्या मोठ्या माणसाला सा. न. वि. वि., साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. आणि सगळं लिहून झाल्यावर जे खरं सांगायचं असतं ते ता. क. मध्ये!

मैत्रिणीला मात्र 'प्रिय' पुरे. मुलांना आधी लिहू द्या, मायना मागाहून येतो.

अवांतर: आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की आई दारातच मटकन बसायची. वाईट बातमी असायची. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटं. पत्र हातात येताच, वाचायच्या आधीच कळायचं.

---

निवृत्त_टपालवाला | सकाळी ११:३०

नलूताई, तसलं कार्ड देताना आम्ही सायकलवरून उतरायचो. बसल्या जागेवरून कधी हातात दिलं नाही.

स्पर्धेचंही सांगून ठेवतो. खात्याची 'ढाई आखर' पत्रलेखन स्पर्धा असते, अठरापर्यंतचा गट वेगळा. आंतर्देशीयवर ५०० शब्द, पाकिटातल्या पत्रात १००० शब्दांपर्यंत. जागतिक टपाल संघाची ९ ते १५ वयाच्या मुलांसाठीही आहे, १९७१ पासून चालू. पण आधी मैत्रीण मिळू दे. बक्षिसासाठी लिहिलेलं पत्र आणि मैत्रिणीला लिहिलेलं पत्र, सॉर्टिंगला पाकीट हातात आलं की कळायचं.

---

सागरगोटा | दुपारी १:१५

काका, पाकीट बंद असताना कसं कळायचं?

---

निवृत्त_टपालवाला | दुपारी १:४०

मैत्रिणीच्या पाकिटावर मागेही लिहिलेलं असतं.

---

फळा_खडू | सायंकाळी ७:००

झिपरीची_आई, तुमच्या लेकीच्या वर्गशिक्षिका तयार असतील तर त्यांना आमच्या शाळेशी बोलायला सांगा. माझा नाही, शाळेचा अधिकृत पत्ता आणि फोन शिक्षण विभागाकडून त्यांना मिळेल, तो त्यांनी स्वतः पडताळावा. शाळेचं नाव तेवढं मी तुम्हाला व्यनि करते. चंद्रपूरबरोबर आमचं जुळलेलंच आहे, पण चौथीच्या सहा मुलींना आणखी मैत्रिणी चालतील, त्यांना विचारलं मी. "नाशिकला द्राक्षं असतात ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

---

झिपरीची_आई | १ मार्च, रात्री ९:०५

धागा वर काढतेय, सांगायचं राहिलं होतं.

आमच्या बाईंनी आधी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, मग त्यांनी तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन केला, मग पालकांची सही. महिना गेला त्यात. लेक रोज विचारायची. ६ फेब्रुवारीला वर्गातली अकरा पत्रं एका पाकिटातून गेली. सगळ्या वर्गाला सक्ती नव्हती, अकरा जणांनीच लिहिली. बाईंनी शुद्धलेखनाला हात लावला नाही. मीही नाही, फार जड गेलं.

काल उत्तरं आली. वर्गात वाटली. ती पत्र न फोडता घरी घेऊन आली, माझ्या शेजारी बसून फोडायचं म्हणून. (चिंचेचं_झाड, हे तुमचं.) आत पत्र होतं आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी शिंपली. तिकडच्या मैत्रिणीने विचारलंय, द्राक्षं झाडाला लागतात की वेलीला, आणि तुमच्याकडे पाऊस आला की छपरावर आवाज येतो का. खाली ता. क.: "मी बुद्धीबळ शिकते आहे. माझं पांढरं. राजापुढचं प्यादं दोन घरं. तू काय खेळशील ते पत्रात लीही."

आमच्या घरात बुद्धिबळाचा पट नव्हता. आज आणला. तो खिडकीत मांडून ठेवलाय, कुणी हात लावायचा नाही. ती दुपारपासून आपल्या चालीचा विचार करतेय, आणि द्राक्षाचं पान पाठवायचं म्हणते.

---

निवृत्त_टपालवाला | रात्री ९:२२

पान आठ दिवस जाड पुस्तकात दाबून वाळवा, ओलं घातलं तर शाई पसरते. आणि पाकिटाचं वजन करा.